अडीचशे रुपयांपर्यंतची भेट

भारतातल्या बँकेला तुमचं खातं हवं असेल, तर ती तुम्हाला त्यासाठी काय देऊ शकते? रिझर्व्ह बँकेनं २०१६ च्या निर्देशांत हे आकड्यानिशी सांगून ठेवलं आहे. ठेवी मिळवण्यासाठी बक्षिसं, सोडत, फुकटच्या सहली असलं काही ठेवायचं नाही. किरकोळ भेटवस्तू चालेल, पण ती २५० रुपयांहून महाग नको. म्हणजे एखादी डायरी, पेन, फार तर पाण्याची बाटली.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा नियम ऐकून गंमत वाटेल. तिथं 'आमच्याकडे खातं घेऊन या, दीडशे-दोनशे पौंड रोख देतो' अशा जाहिराती बँका उघडपणे करतात. २०१३ च्या सप्टेंबरात तिथं खातं बदलण्याची एक देशव्यापी सोय सुरू झाली. नव्या बँकेत एक अर्ज भरला की सात कामकाजी दिवसांत जुनं खातं बंद होतं, शिल्लक नव्या खात्यात येते, पगार, वीजबिल, घराचा हप्ता सगळं आपोआप इकडे वळतं. कुणी चुकून जुन्या खात्यावर पैसे पाठवले तरी ते नव्या खात्यात येऊन पडतात. इतकी सोय झाल्यावर हिशेबी माणसांनी त्याचा जोडधंदा केला नसता तरच नवल. एका बँकेचा बोनस घ्यायचा, अटीपुरते पगाराचे पैसे फिरवायचे, मग पुढच्या बँकेकडे. अमेरिकेतही बँका असे बोनस देतात, मात्र तिथं ती रक्कम व्याजासारखं उत्पन्न धरून तिच्यावर कर लागतो.

त्याच अमेरिकेत एके काळी बँका खातेदारांना टोस्टर वाटायच्या. १९३३ च्या बँकिंग कायद्यानं चालू खात्यावर व्याज द्यायला बंदी केली आणि बचतीच्या व्याजालाही कमाल मर्यादा घालण्याची तरतूद केली. मंदीत बँका धडाधड बुडाल्या होत्या. जास्त व्याजाची चढाओढ हे त्याचं एक कारण मानलं गेलं. व्याज वाढवता येईना, तेव्हा बँकांनी घरगुती वस्तू वाटायला घेतल्या. ही बंधनं पुढं १९८६ पर्यंत बहुतेक उठली. आपल्याकडेही विचार तोच होता. १९६४ पासून ठेवींचे दर रिझर्व्ह बँक ठरवू लागली आणि बचत खात्याचा दर तर २५ ऑक्टोबर २०११ पर्यंत तिच्याच हातात होता. तो मोकळा सोडला, त्या दिवशी दर ४ टक्के होता. दोन-तीन खासगी बँकांनी लगेच साडेपाच-सहा टक्के देऊ केले. आता स्पर्धा होईल आणि खातेदाराचं भलं होईल, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटलं. स्टेट बँकेचा बचत खात्याचा दर जून २०२५ पासून २.५ टक्के आहे.

सोडत वाईट, म्हणून बँकांना मनाई. सरकारला मात्र ती चालली. नोटाबंदीनंतर २०१६ च्या नाताळात केंद्रानं डिजिटल व्यवहार करणाऱ्यांसाठी सोडत काढायला सुरुवात केली आणि तिचा समारोप १४ एप्रिल २०१७ ला नागपुरात झाला. एक कोटीचं पहिलं बक्षीस लातूरच्या एका विद्यार्थिनीला लागलं होतं. तिनं मोबाइलचा १,५९० रुपयांचा हप्ता रुपे कार्डानं भरला होता. त्याच कार्यक्रमात पंतप्रधानांनी भीम अॅपची बक्षीस योजना जाहीर केली. एकाला अॅप जोडून द्या, १० रुपये घ्या. दिवसात वीस जण जोडले तर दोनशे रुपये. या आणि व्यापाऱ्यांच्या कॅशबॅक योजनेसाठी सहा महिन्यांचे ४९५ कोटी रुपये ठेवले होते. पाच महिन्यांनी गूगलचं तेझ आलं, तेव्हा एका नव्या ग्राहकामागे दोघांनाही ५१ रुपये मिळू लागले, वर ओरखडून बघायची कार्डं. या कंपन्या बँक नव्हत्या, ठेव घेत नव्हत्या, त्यामुळे २५० रुपयांचा नियम त्यांच्या आड आला नाही. आपल्याकडे 'खातं जोडा, रोख घ्या' हे खुलेआम झालं ते एवढंच, आणि ते बँकेनं केलंच नाही.

आता वर्धा जिल्ह्यातल्या जामकडे येऊ, इथल्या खात्यांचं काय ते बघायला. नागपूरहून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर आलं की समुद्रपूर तालुक्यातल्या या चौकात महामार्ग फुटतो. एक वाट हिंगणघाटवरून हैदराबादकडे, दुसरी वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. कापूस-सोयाबीनचा शेतकरी, गिरणीतला कामगार, ढाब्यावरचा पोऱ्या, ट्रकवाला, पुण्याला नोकरीला गेलेली मुलं, लाडकी बहीण योजनेचे दीड हजार घेणाऱ्या बाया. यांतल्या कुणालाच कोणतीही बँक दोनशे पौंड देणार नाही. त्यांच्या खात्याची कमाई उलट बाजूनं मोजावी लागते, काय मिळालं यापेक्षा काय कटलं यावरून. आमच्या भागात बँकेतून पैसे 'कटतात'. इतका नेमका शब्द बँकेच्या दरपत्रकात सापडत नाही.

कटणाऱ्या पैशात सगळ्यात मोठा वाटा मिनिमम बॅलन्सचा. सरकारी बँकांनी २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत किमान शिल्लक न ठेवल्याबद्दल सुमारे ८,५०० कोटी रुपये वसूल केले, हे संसदेत सांगितलं गेलं. या काळात स्टेट बँक त्यात पहिल्या वर्षापुरतीच होती, कारण तिनं हा दंड मार्च २०२० मध्ये बंद केला होता. त्याआधी मात्र तिनं एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत याच दंडातून १,७७१ कोटी मिळवले होते आणि त्यावरून देशभर ओरड झाली होती. २०२५ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात कॅनरा, पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक, बँक ऑफ इंडिया यांनीही तो सोडून दिला. बँक ऑफ इंडिया ही वर्धा जिल्ह्याची अग्रणी बँक, त्यामुळे इथं हा बदल बऱ्याच पासबुकांत दिसला असणार.

खासगी बँकांचं चित्र वेगळं. ऑगस्ट २०२५ मध्ये आयसीआयसीआय बँकेनं नव्या खात्यांसाठी महानगर आणि शहरी शाखांत महिन्याची सरासरी शिल्लक ५०,००० रुपये केली. गदारोळ झाला, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर म्हणाले की हा ज्या-त्या बँकेचा प्रश्न आहे, आणि दोनच आठवड्यांत बँकेनं स्वतःच आकडे खाली आणले: शहरी १५,०००, निमशहरी ७,५००, ग्रामीण २,५००. शिल्लक कमी पडली तर तुटीच्या ६ टक्के किंवा ५०० रुपये, यांतलं जे कमी असेल ते. शहरी शाखेत महिनाभर सरासरी १०,००० च राहिले, तर तूट ५,००० ची, दंड ३००, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ५४. एका महिन्यात ३५४ रुपये. त्या १०,००० वर अडीच टक्क्यांनी वर्षभरात व्याज मिळतं २५०. वर्षाचं व्याज एका महिन्यात गेलं, वर शंभराची नोट गेली.

इथं एक बारीक गोष्ट आहे आणि जामच्या माणसाला तिचा थेट फायदा आहे. अट ठरते ती शाखेवरून. तुम्ही कुठं राहता यावरून नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या वर्गवारीत १० हजारांखालची वस्ती ग्रामीण, लाखापर्यंत निमशहरी, त्यापुढं शहरी आणि १० लाखांपुढं महानगर. २०११ च्या जनगणनेत हिंगणघाटची लोकसंख्या लाखाच्या जेमतेम वर गेली. ही वर्गवारी जशीच्या तशी लावली, तर चौदा-पंधरा किलोमीटरवरच्या हिंगणघाटात खातं उघडणाऱ्याला शहरी माणसाची शिल्लक ठेवावी लागते आणि खेड्यातल्या शाखेत उघडणाऱ्याला तिच्या सहाव्या हिश्शाएवढी. पुण्यात नोकरी लागलेल्या पोरानं तिथं खातं उघडण्याआधी हे विचारलेलं बरं. खातं गावच्या शाखेत असलं तरी कार्ड आणि मोबाइल पुण्यात तसेच चालतात. नोकरी सोडली, की पगाराच्या खात्याचीही चौकशी करावी. बऱ्याच बँकांत काही महिने पगार आला नाही, तर ते साधं बचत खातं होतं आणि शून्य शिल्लक चालण्याची सवलत गुपचूप संपते.

खातेदाराच्या बाजूचेही काही नियम आहेत, पण शाखेच्या भिंतीवर ते सहसा ठळक दिसत नाहीत. एप्रिल २०१५ पासून दंड तुटीच्या प्रमाणात हवा, शिल्लक कमी झाल्याचं आधी कळवून महिनाभराची मुदत द्यायला हवी, आणि केवळ या दंडापायी खातं उणे होता कामा नये. दोन वर्षं खातेदारानं व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं. अशा खात्यावर एप्रिल २०२४ पासून किमान शिल्लकेचा दंड लावता येत नाही. ज्याला ही कटकटच नको, त्याच्यासाठी मूलभूत बचत खातं आहे. शिल्लक शून्य चालते, एटीएम कार्ड फुकट, महिन्याला किमान चार वेळा पैसे काढता येतात. अट एकच, त्या बँकेत तुमचं दुसरं बचत खातं नसावं. असेल तर तीस दिवसांत बंद करावं लागतं. गंमत म्हणजे हे खातं कुणी स्वतःहून सुचवत नाही, मागून घ्यावं लागतं.

बाकीच्या कपाती लहान असतात आणि म्हणूनच टिकतात. एसएमएसचे तिमाही पैसे, कार्डाचे वार्षिक दोनशेच्या आसपास, मोफत फेऱ्या संपल्यावर एटीएममधून काढायला प्रत्येक वेळी २३ रुपयांपर्यंत आणि जीएसटी. जामसारख्या ठिकाणी स्वतःच्या बँकेच्या पाच आणि परक्या बँकेच्या पाच फेऱ्या मोफत आहेत. महानगरात परक्या बँकेच्या तीनच. दोन-तीन खाती असलेल्यांनी मे महिन्याच्या अखेरीस पासबुक नीट बघावं. प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये तेव्हा आपोआप कटतात. कधीतरी प्रत्येक बँकेत अंगठा किंवा सही दिलेली असते, म्हणून ते प्रत्येक खात्यातून जाऊ शकतात. विमा मात्र एकाच खात्यावर मिळतो. तीन खात्यांतून ४३६ रुपये दिले म्हणून घरच्यांना सहा लाख मिळत नाहीत, दोनच लाख मिळतात.

या सगळ्याचा हिशेब मांडला तर खातं बदलून साध्या घराला वर्षाला काहीशे, फार तर हजार-दीड हजार रुपये वाचतात. जास्त व्याजासाठी बदललं तरी आकडा तेवढाच. सरासरी ४०,००० शिल्लक असेल आणि व्याज अडीचऐवजी पाच टक्के मिळालं, तर फरक वर्षाला हजाराचा. काही स्मॉल फायनान्स बँका सहा-सात टक्क्यांपर्यंतचे दर सांगतात, पण तो वरचा दर बहुधा काही लाखांवरच्या शिल्लकेला लागू असतो. त्यापेक्षा मोठा आकडा कुणी दाखवत असेल, तर हात आखडता घ्यायला वर्धेकरांना शिकवावं लागत नाही. होम ट्रेड या कंपनीच्या घोटाळ्यात २००२ मध्ये नागपूरबरोबर वर्धा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचेही पैसे अडकले. पुढं २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तिन्ही जिल्हा बँकांना नव्या ठेवी घ्यायला मनाई केली. ठेवी अडकल्या, पीककर्ज अडकलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं चार राज्यांतल्या अशा २३ जिल्हा बँकांसाठी २,३७५ कोटींची योजना मंजूर केली, तेव्हा या तिघींना पुन्हा उभं राहायची वाट मिळाली. त्या काळात कितीतरी घरांनी खातं बदललं. ते बोनससाठी नव्हतं. आज बँक बुडाली तर ठेव विम्यातून एका माणसाला एका बँकेमागे ५ लाखांपर्यंत मिळतात. फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. हा विमा सहकारी बँकांना आहे, पतसंस्थांना नाही, आणि चौकातल्या पाटीवर दोन्हींचे व्याजदर सारख्याच ठळक अक्षरात लिहिलेले असतात.

बँक बदलण्यातला खरा गुंता फी-व्याजाच्या पलीकडे आहे. तो आधारचा. पीएम किसानचे पैसे, नमो शेतकरीचे पैसे, लाडक्या बहिणीचे पैसे, गॅसची सबसिडी, सीसीआयला विकलेल्या कापसाचे चुकारे, हे पाठवताना खातेक्रमांक पाहिला जात नाही. राष्ट्रीय पेमेंट महामंडळाकडे एक नोंदवही आहे. तिच्यात प्रत्येक आधार क्रमांकापुढं एकाच बँकेचं नाव असतं. शेवटी जिथं आधार जोडायला संमती दिली, ती बँक. नवं खातं उघडताना अर्जातल्या त्या छोट्या चौकटीत खूण केली, की अनुदानाची सगळी वाट तिकडे वळते. जुन्या खात्यात पैसे का येत नाहीत म्हणून बाई तलाठ्याकडे, सेतूत, बँकेत खेटे घालत राहते आणि पैसे तिसऱ्याच बँकेत सुखरूप पडून असतात. लाडकी बहीण योजनेचा पहिला हप्ता २०२४ मध्ये आला, तेव्हा अनेकींना स्वतःचं विसरलेलं खातं असं सापडलं. काहींच्या त्या खात्यातून आल्या-आल्या जुना दंडही कटला. तक्रारी वाढल्यावर सरकारला बँकांना सांगावं लागलं की या पैशातून कपात करू नका.

याचा सगळ्यात मोठा दाखला २०१७ चा. एअरटेलच्या पेमेंट्स बँकेनं सिमकार्डासाठी आधारचा अंगठा घेताना ग्राहकांची नीट संमती न घेता खाती उघडली आणि गॅसची सबसिडी तिकडे जाऊ लागली. तेवीस लाखांहून अधिक ग्राहकांचे ४७ कोटी रुपये, ज्या खात्यांचा त्यांना पत्ताही नव्हता, अशा खात्यांत गेल्याचं समोर आलं. आधार प्राधिकरणानं त्या वर्षीच्या डिसेंबरात कंपनीची ई-केवायसीची परवानगी थांबवली आणि मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं ५ कोटींचा दंड केला. त्या ग्राहकांनी बँक बदलली नव्हती, त्यांची बँक बदलली गेली होती.

आणखी एक गिऱ्हाईक आहे. ते खातं उघडायला खरंच रोख देतं, आणि २५० रुपयांपेक्षा कितीतरी जास्त देतं. शिकणारी पोरं, ढाब्यावरचे कामगार, हंगाम संपलेले मजूर यांना गाठून कुणीतरी सांगतं: तुझ्या नावानं खातं काढ, कार्ड, पासबुक आणि सिम माझ्याकडे दे, काही हजार घे. व्यवहार कंपनीचा आहे, कर वाचवायचा आहे, अशी काहीतरी कारणं असतात. त्या खात्यातून सायबर फसवणुकीचे पैसे फिरतात. लुबाडला जातो तो कुठल्या तरी दूरच्या शहरातला निवृत्त माणूस. तक्रार झाल्यावर पोलिसांना पहिलं नाव सापडतं ते खातेदाराचं. खातं गोठतं, आणि चौकशीला जावं लागतं तेही दुसऱ्या राज्यात. अशी खाती ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नवोन्मेष केंद्रानं म्यूलहंटर नावाची संगणकप्रणाली तयार केली. तिची माहिती डिसेंबर २०२४ मध्ये गव्हर्नरांनी पतधोरणाच्या भाषणात दिली. कुणी आधीच फसला असेल तर बँकेला लेखी कळवून आणि १९३० या क्रमांकावर फोन करून सुरुवात करता येते. हायवेच्या चौकात ही माणसं लवकर पोहोचतात आणि लवकर निघूनही जातात.

इंग्लंडसारखी सोय आपल्याकडे होऊ शकेल का? रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर एस. एस. मुंद्रा यांनी २०१७ मध्ये ही कल्पना जाहीरपणे मांडली होती: मोबाइल नंबर तसाच ठेवून कंपनी बदलता येते, तसा खातेक्रमांक ठेवून बँक बदलता यावी. आधार आहे, तत्काळ पैसे पाठवायची यंत्रणा आहे, मग अडचण काय, असा त्यांचा सवाल होता. अडचण तंत्राची नसावी. खातेदार सहज उठून जाऊ शकतो म्हटल्यावर बँकांना त्याला अडवायला चांगली सेवा द्यावी लागेल, आणि सध्या तो आळसानं राहतो तेच त्यांना स्वस्त पडतं, असं मला वाटतं. ती सोय अजून आलेली नाही, त्यामुळे इथं बँक बदलायची तर दोऱ्या एकेक करून हातानंच सोडाव्या लागतात.

आधी नवं खातं काढावं आणि आधारच्या चौकटीत विचार न करता खूण करू नये. कर्जाचे हप्ते, विमा, मोबाइल रिचार्ज यांचे आपोआप कटणारे आदेश कुठले आहेत, ते जुन्या पासबुकाच्या वर्षभराच्या नोंदींवरून लिहून काढावेत. पीककर्ज जिथं आहे, तिथलं खातं तर बंद करूच नये. नव्या बँकेतून कर्ज घ्यायचं तर जुनीचं बेबाकी प्रमाणपत्र बहुधा मागितलं जातं आणि वेळेवर फेडीच्या व्याजसवलतीत त्या धावपळीनं खंड पडला, तर वर्षाचे वाचवलेले हजार तिथंच जातात. सरकारी पैसे नव्या खात्यात आणायचे असतील, तर आधार जोडणीचा अर्ज नव्या बँकेत द्यायचा. एक हप्ता तिथं प्रत्यक्ष आला की मगच जुन्याचं बघायचं. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहिलं की सध्या नोंदवहीत कोणती बँक आहे ते कळतं. खातं बंद करायचे पैसे अनेक बँका पहिल्या चौदा दिवसांत आणि वर्षभरानंतर घेत नाहीत, मधल्या काळात घेतात. बंद करताना उरलेले चेक आणि कार्ड परत द्यावं, उरलेली रक्कम कुठं पाठवायची ते अर्जात लिहावं आणि खातं बंद झाल्याचा शिक्का पासबुकावर घेतल्याशिवाय शाखेतून निघू नये. न बंद करता नुसतं सोडून दिलेल्या खात्यातले पैसे दहा वर्षांनी रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जमा होतात. ते पैसे बुडत नाहीत, वारसांनाही मागता येतात. ऑगस्ट २०२३ पासून उद्गम नावाच्या पोर्टलवर नाव घालून ते शोधता येतात.